पाणी घातलेलं ब्लीच

आई, तू जिला दर शुक्रवारी घासून घासून मारायचीस, ती गुलाबी बया शेवटी जिंकली. तिच्याबरोबर मीही जिंकले, पण पहिला मान तिचा. परवा इथे कुवेतमध्ये, वफ्र्याकडच्या वाळवंटातल्या एका कोंबडीफार्मवर आम्ही पांढऱ्या बशांमध्ये अंडी फोडली. एका रांगेतले बलक नेहमीसारखे फिकट पिवळे होते आणि दुसऱ्या रांगेतले इतके गडद केशरी, की तिथला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, जनावरांचा डॉक्टर खुर्चीवरून उठून उभा राहिला. गेले कितीतरी आठवडे हाच माणूस माझी टिंगल करत होता. बाकी सगळ्यांना सांगून झालं आहे, आता तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तुला मात्र अगदी पहिल्यापासून सांगावं लागेल, कारण तू गेलीस तेव्हा मी पुण्यात एम.एस्सी.ला होते आणि आपली या विषयावरची चर्चा "यीस्ट म्हणजे पावात घालतात तेच ना? ते शिकायला पुण्याला कशाला जायचं?" इथेच थांबली होती.

खैतानचं आपलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. खिडकीतल्या एसीचं पाणी नळीने न्हाणीघरातल्या निळ्या बादलीत पडतं आणि तू ते लादी पुसायला वापरतेस. शुक्रवारी डब्यांना सुट्टी असते, कारण तुझ्याकडे जेवणारे सगळे एकटे कोकणी बाप्ये त्या दिवशी आपापल्या खोलीवर मटण शिजवतात, म्हणून तो तुझा साफसफाईचा दिवस. बादलीच्या कडेला, नळीच्या तोंडाशी, फरशीच्या फटीत एक बुळबुळीत गुलाबी थर जमलेला असतो. "आली परत बया," असं म्हणत तू ओचा खोचतेस. ब्लीचची नवी बाटली घरात आली की आधी तिच्यातलं अर्धं रिकाम्या बाटलीत ओतायचं आणि मग दोन्ही नळाखाली भरून घ्यायच्या, हा तुझा नियम. शांपूचं तेच, भांड्यांच्या साबणाचं तेच. आपल्या घरात पाणी न घातलेली वस्तू शोधायची तर मिठाच्या बरणीपर्यंत जावं लागलं असतं. बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "अगं, त्यात आता ब्लीच कमी आणि पाणीच जास्त आहे." तू म्हणायचीस, "वास येतो ना? मग झालं." बया दोन-तीन दिवस गप्प बसायची आणि पुढचा शुक्रवार यायच्या आत पुन्हा हजर व्हायची. तू चिडायचीस, पण बाटलीत पाणी घालणं काही सोडायचं नाहीस.

मला ती आवडायची. दुसरीकडे कुठे असला रंग आपल्या घरात नव्हता. भिंती मळकट पांढऱ्या, सोफा तपकिरी, खिडकीबाहेर सगळी वाळूच्या रंगाची घरं. एकदा मी चमच्याने तिचा थोडा चिखल खरवडला, जॅमच्या रिकाम्या बाटलीत साखरपाण्यात घातला आणि तुला दिसू नये म्हणून फडताळात लोणच्याच्या मागे ठेवून दिला. काही दिवसांनी ते पाणी पावडर घातलेल्या सरबतासारखं गुलाबी झालं. तुझ्या हाताला ती बाटली नेमकी डबे भरायच्या घाईत लागली. एरवी तू माझ्याशी बाबांसारखं शुद्ध बोलायचीस, पण रागावलीस की थेट मालवणीत यायचीस. "गो, खाण्याच्या वस्तूंच्या बाजूक ही घाण ठेवलंस? अक्कल खय गेली तुझी?" पाठीत एक धपाटाही बसला. मी रडले ते धपाट्यासाठी नाही, तू बाटली बेसिनकडे नेलीस म्हणून. तिथे तू थांबलीस. बाटली उजेडात धरून बघितलीस. काय वाटलं तुला कुणास ठाऊक, पण ती ओतली नाहीस. संध्याकाळी न्हाणीघरातल्या कपड्यांच्या मशीनमागची एक फळी पुसून तू मला दाखवलीस आणि म्हणालीस, "तुझी बया इथे ठेव. स्वयंपाकघरात पाऊल टाकलंन तर दोघींनाही जिन्यात काढीन." पुढे मला शिष्यवृत्ती मिळाली, प्रयोगशाळेत स्वतःचं टेबल मिळालं, पण त्या फळीइतका आनंद मला कशाचाच झालेला नाही.

आता मी इथेच कुवेतमध्ये एका प्रयोगशाळेत काम करते. न्हाणीघरातला गुलाबी थर बहुतेक वेळा साध्या जंतूंचा असतो, पण काही ठिकाणी ते खरंच यीस्ट असतं, रंग तयार करणारं. गाजराला, पिकल्या आंब्याला, कोळंबीला जो रंग असतो त्याच कुळातला हा रंग. कोंबडीला तो स्वतः तयार करता येत नाही, ती जे खाते त्यावरच तिच्या अंड्याचा बलक किती गडद होणार ते ठरतं. म्हणून फार्मवाले बाहेरून रंगाची पावडर मागवतात आणि खाद्यात मिसळतात. आमचं म्हणणं असं होतं की इथलंच यीस्ट घेऊ, इथल्याच टाकाऊ खजुराच्या पाकावर वाढवू आणि त्याचा लाल रंग कोंबड्यांना देऊ. यीस्ट गोळा करायला मला मदत कुणी केली असेल? तुझ्या डब्यावर जेवणारे ते एसीवाले काका आठवतात, ज्यांना तू नेहमी एक पोळी जास्त घालायचीस? ते अजून खैतानलाच राहतात, आता केस पांढरे झालेत, पण छतावर चढतात. अर्दियाच्या गोदामांपासून आपल्या गल्लीपर्यंत जिथे जिथे एसी उघडला तिथे तिथे पाण्याच्या ट्रेमधला गुलाबी चिखल त्यांनी मला डबीत भरून आणून दिला. पहिली डबी देताना म्हणाले, "ह्या तुझ्या आवशीन बघल्यान आसता ना, तर आमका दोघांकाय ब्लीचान धुतल्यान आसता." आमचं सगळ्यात चांगलं यीस्ट निघालं ते आपल्याच गल्लीतल्या एका ट्रेमधलं. ती आपल्या बादलीतल्या बयेची खापरपणती असावी असं मला वाटतं. पुरावा काही नाही, पण तुझ्याशी बोलताना मला पुरावा लागत नाही.

अडचण अशी होती, आई. यीस्टच्या पोटात हा रंग एका झटक्यात होत नाही. तुझ्या सकाळच्या पोळ्यांसारखं आहे ते. एकीने मळायचं, दुसरीने लाटायचं, तिसरीने भाजायचं. यीस्टमध्ये प्रत्येक कामाला एक जनुक नेमलेलं असतं. लाटणारी आली नाही तर परातीत गोळे साचतात आणि काय साचलंय ते बघून कोण आलं नाही ते कळतं. आम्ही तेच करतो. एकेक जनुक बंद करतो आणि प्लेटवर, म्हणजे यीस्ट वाढवायच्या चपट्या बशीत, उगवणारा ठिपका कुठल्या रंगाचा येतो ते बघतो. पांढरा आला तर काम सुरुवातीलाच अडलं, पिवळा आला तर मध्ये कुठेतरी. रंगाच्या या रस्त्याला शेवटाजवळ एक फाटा फुटतो. एका बाजूला पिवळट नारिंगी रंग होतो, जो कोंबडी खाते आणि स्वतःसाठी वापरून टाकते, बलकात फारसा येतच नाही. दुसऱ्या बाजूला लाल, तोच आम्हाला हवा. आमच्या यीस्टचा बराचसा माल पिवळ्याकडे जात होता. मग पिवळ्याकडे नेणारं जनुक बंद करा, इतकं सोपं. पण ते जनुक दोन कामं करतं. जी बाई पहाटे कणीक मळते तीच शेवटी पोळ्या मोजून पिवळ्या डब्यात भरते म्हण ना. डबा भरायला नको म्हणून तिला घरी पाठवलं, तर कणीकच मळली जात नाही. ते जनुक बंद केलं की आमचे सगळे ठिपके पांढरेफटक यायचे. किती प्लेटी पांढऱ्या झाल्या ते विचारू नकोस.

आमच्या प्रमुख कुवेती बाई आहेत, हुशार आणि कडक. मला त्या 'दोक्तोरा' म्हणतात. एक दिवस त्यांनी माझ्या पांढऱ्या प्लेटी हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि इंग्रजी-अरबी मिसळून स्पष्ट सांगितलं, "दोक्तोरा, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मला अंड्यात रंग दिसला पाहिजे. नाही दिसला तर खलास. मी वरच्यांना काय सांगू, यीस्ट फार गोड आहे म्हणून?" खलास म्हणजे काय ते मला नीट माहीत होतं. सगळं यीस्ट वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घालून मारायचं, प्लेटी फेकायच्या. माझा इक़ामा, इथे राहायचा परवाना, या नोकरीवर आहे, नवऱ्याची नोकरी पुण्याला, म्हणजे मी आणि मुलगी बाडबिस्तरा गुंडाळून परत. मुलीला सांगितलं तर ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आई, आय ॲम नॉट शिफ्टिंग इन टेन्थ." तिला शाळेची काळजी. मला मात्र वेगळीच भीती वाटली, ती मी कुणाला बोलून दाखवली नाही. तुला गावी नेऊन अग्नी दिला, तिथे माझं काही नाही. तू मला भेटतेस ती खैतानच्या गल्लीत, कोपऱ्यावरच्या बकाल्याच्या दुकानासमोर भाजीच्या पिशव्या खाली ठेवून दम खाताना. ती गल्ली सोडून जायचं म्हणजे तुला दुसऱ्यांदा गमवायचं, असं मला अगदी सरळ वाटत होतं.

आणि मग तुझी सवय कामी आली. वापरलेल्या प्लेटी धुवायला टाकायच्या आधी जंतुनाशकात बुडवून ठेवायच्या असतात. ते द्रावण नेहमी मदतनीस बनवतो, पण तो रजेवर होता, म्हणून मी बनवलं. आई, मी काय केलं असेन ते तू ओळखलंसच. बाटली अर्धी केली आणि नळाखाली भरली. मुद्दाम नाही, विचार करूनही नाही; हात आपोआप तसे चालले, जसे घरी शांपूच्या बाटलीवर चालतात. ईदच्या सुट्टीनंतर आलो तर ट्रेच्या कडेला गडद लाल पट्टा. प्रमुख बाईंनी तो बघितला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "दोक्तोरा, हे जंतुनाशक आहे की शरबत?" सगळ्यांसमोर. वर म्हणाल्या, "आता हे तुम्ही स्वतः साफ करायचं." मी हातमोजे घातले, घासणी उचलली आणि थांबले. बेसिनपाशी बाटली उजेडात धरून तू थांबली होतीस ना, तशीच. आम्ही बुडवलेल्या प्लेटींवर एवढा लाल ठिपका एकही नव्हता. मग हा लाल आला कुठून? मी आधी त्या पट्ट्यातला कणभर माल तारेच्या टोकावर घेऊन नव्या प्लेटवर ओढला, आणि मग निमूट ट्रे घासला.

प्लेटवरही तो तितकाच लाल उगवला. कारण समजल्यावर मला हसू आवरेना. लाल रंग बयेला शोभेसाठी नसतो, तो तिचं चिलखत असतो. जाळणारं औषध अंगावर आलं की फिकट बया आधी मरते, लाल तग धरते. औषध पूर्ण ताकदीचं असतं तर सगळ्याच मेल्या असत्या आणि काहीच उरलं नसतं. पाणी घातलेलं होतं म्हणून निवड झाली. म्हणजे तू दर शुक्रवारी तिला मारत नव्हतीस गं, तू तिची पारख करत होतीस. फिकट काढून टाकत होतीस, तांबडी ठेवत होतीस, आणि वर "ही बया मरत कशी नाही" म्हणून तिलाच शिव्या देत होतीस. मी तेच मुद्दाम करायला घेतलं, हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून, तेच ते जखमेवर टाकलं की फेसाळतं. यीस्ट वाढवायचं, पातळ औषध घालायचं, जगलं ते पुन्हा वाढवायचं, औषध किंचित वाढवायचं. असे आठवडे गेले आणि प्लेटीमागून प्लेटी गडद होत गेल्या. शेवटी सगळ्यात लाल यीस्टची जनुकं वाचून घेतली. बदल त्याच दुहेरी काम करणाऱ्या जनुकात होता, पण फक्त त्याच्या दुसऱ्या कामाच्या भागात. मळायचं काम पहिल्यासारखं चोख, पिवळा डबा भरायचं काम जरा आळसावलेलं. बंद नाही, नुसतं सुस्त. आम्ही सगळे शिकलेले लोक त्या जनुकाला हाकलायला निघालो होतो आणि बयेने त्याला फक्त थोडी ढिलाई दिली. प्रमुख बाईंनी जनुकांचा तो अहवाल वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे त्या शरबतातून आलं?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "मग मदतनिसाची रजा वाढवायला हवी होती." आई, त्या टोमणे मारतात, थट्टा कधी करत नाहीत.

राहिल्या कोंबड्या. यीस्ट वाळवून, कुटून, खाद्यात मिसळून फार्मवर नेलं. निम्म्या कोंबड्यांना साधं खाद्य, निम्म्यांना आमचं. पहिले काही दिवस दोन्हीकडचे बलक सारखेच फिकट होते आणि मिसरी डॉक्टर रोज विचारायचा, "दोक्तोरा, तुमचा रंग कोंबडीने कुठे लपवला?" मला माहीत होतं की रंग बलकात उतरायला वेळ लागतो, तरी मी रोज नव्याने अंडी फोडून बघायचे. रोज सकाळी मी तिथे जात होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती वाळू, आणि घाम एसीतही फुटत होता. हळूहळू आमच्या बाजूचे बलक पिवळ्याचे सोनेरी झाले. आणि परवा, सुट्टीआधीच्या शेवटच्या फेरीला, प्रमुख बाई स्वतः आल्या. डॉक्टरकडे रंगाच्या पट्ट्यांचा एक पंखा असतो, फिकटापासून गडदापर्यंत. बलकाशेजारी धरून रंग जुळवायचा. तो आमच्या रांगेवर पंखा उघडत गेला, उघडत गेला, आणि शेवटच्या पट्ट्यांपाशी येऊन थांबला. मग उठला आणि म्हणाला, "वल्ला, लपवलेला सापडला." प्रमुख बाईंनी फोन काढून बशांचा फोटो घेतला, माझ्याकडे न बघताच "मबरूक, दोक्तोरा" असं अभिनंदन केलं आणि गाडीत बसायच्या आधी एवढंच बोलल्या, की सुट्टीनंतर यीस्ट वाढवायला मोठी टाकी लावायची आहे, तेव्हा तुम्ही इंडियाहून वेळेवर परत या. परत या, म्हणाल्या. मी कोंबड्यांच्या त्या वासात उभी राहून रडले आणि मला अजिबात लाज वाटली नाही.

संध्याकाळी काकांच्या खोलीवर गेले आणि फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा शोधला, फोटो मोठा केला, पुन्हा मोठा केला. "ह्यो लाल आमच्या ट्रेतलो?" मी म्हटलं, "तुम्हीच दिलेल्या डबीतला." त्यांनी फोन मला परत दिला. मग म्हणाले, "आज तुझी आवस आसती तर आमका सगळ्यांका अंड्याचा कालवण गावला आसता." मी म्हटलं, त्या अंड्यांना हात लावायची परवानगी नाही, ती सगळी नोंद करून नष्ट करायची असतात. "मगे काय उपयोग?" असं म्हणून त्यांनी मला चहा दिला. ज्याला ज्याला फोटो दाखवला तो तो एकच म्हणतो आहे, की चव काय असेल याची, अस्सल गावठी. मी हसते. हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

तर आता ऐक. त्यातलं एक अंडं मी पर्समध्ये रुमालात गुंडाळून घरी आणलं. आज शुक्रवार, मुलगी अजून झोपली आहे. मघाशी ते तव्यावर फोडलं, वर मीठ-मिरपूड घातली आणि ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्लं. दिसायला सुरेख होतं. चवीत काडीचाही फरक नाही, आई. बकाल्यातल्या अंड्यासारखं अंडं. एवढी वर्षं, एवढ्या प्लेटी, आणि डोळे मिटले तर काही कळत नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, फक्त तुला सांगते आहे, या कागदावर, जो माझ्याच कपाटात राहणार आहे. तुझ्या पोटात कधी काही राहिलं नाही. तू असतीस तर ही गोष्ट दुपारच्या डब्यांबरोबर सगळ्या खैतानभर पोचली असती आणि मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नसते. आता ती तुझ्याकडे अगदी सुरक्षित आहे, आणि तेवढंच मला आवडत नाही.